जर्मन चित्रकार आणि अकरा कागद

स्मरणिकेच्या संपादकांचा मला दोनदा फोन आला. दोह्यात राहून परतलेल्या आपल्या मंडळींची स्मरणिका निघते आहे, तेव्हा तुमचं ते जर्मन चित्रकारावरचं भाषण लिहून द्या आणि तुम्ही काढलेली कारखान्याची अकरा चित्रंही छापायला द्या, असं ते म्हणाले. ते भाषण मी ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर दोह्याच्या अल हिलाल भागातल्या एका घरी, एका शुक्रवारी सकाळी केलं होतं. तुमच्यापैकी काही जण तेव्हा समोर सतरंजीवर बसले होते. भाषणात काय होतं ते पुढे लिहितोच. चित्रं मात्र देता येणार नाहीत. ती मी काढलेली नाहीत, आणि आता ती माझ्याकडे नाहीतही.

या लेखात कुणाचंही नाव नाही, माझंसुद्धा. ही अट मी घातलेली नाही. ती कुणाची हे शेवटी येईल.

दोह्याच्या दक्षिणेला, समुद्राकाठी, लोखंडी सळया ओढणारा एक कारखाना होता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी तिथे ड्राफ्ट्समन म्हणून गेलो. ड्रॉइंग ऑफिस थंडगार असायचं. दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि काही वेळ काही दिसायचं नाही. राहायला कॅम्पमध्ये खोली होती, दोघांत एक. माझा जोडीदार सातारा जिल्ह्याच्या कोरड्या भागातला, सुताराच्या घरातला. कारखाना उभा राहत होता तेव्हा तो फळ्या ठोकायला आला होता, आणि पुढे त्याला भट्टीवर ठेवून घेतलं. भट्टीला एक छोटं झाकण असतं. ते सरकवून आतल्या लोखंडाचा रंग बघायचा आणि काढायची वेळ झाली की हात वर करायचा, हे त्याचं काम. मोजायला यंत्र होतं, पण पाळीचा फोरमन यंत्राकडे बघून झाल्यावर त्याच्याकडे बघायचा. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. तो मला भाऊसाहेब म्हणायचा. मी पुण्याचा, डिप्लोमावाला, म्हणून.

मिस्त्री चौथी शिकलेला होता. त्याच्या बायकोला अक्षर येत नव्हतं. गावात पत्र आलं की शाळेचे गुरुजी वाचून दाखवायचे.

"गुरुजी माणूस चांगला," मिस्त्री म्हणायचा, "पण मी हितं खोकलो तर संध्याकाळपर्यंत तिथं सगळी आळी खोकायला लागती."

म्हणून तो पत्रं लिहायचा नाही, काढायचा. सुतारकामाची चपटी पेन्सिल असायची त्याच्याकडे, आणि कागद माझ्या ऑफिसातले. ड्रॉइंगच्या खराब निघालेल्या अमोनिया प्रिंटांची, म्हणजे नकलांची, कोरी बाजू. तिला अमोनियाचा उग्र वास असायचा. कारखान्यात कॅमेरा न्यायला बंदी होती, त्यामुळे आपला नवरा कुठे काम करतो हे त्या बाईला एवढ्याच वाटेने कळत होतं. तो जेवणाची सुट्टी काढायचा, पाळी सुटल्यावर पिंपाभोवती अंग धुणारी माणसं काढायचा, दोरीवर वाळत घातलेल्या बनियनी काढायचा. एकदा मला काढलं होतं, पलंगावर पालथा झोपलेला, तोंड उघडं.

"हे कशाला पाठवतोस रे?"

"असू द्या की भाऊसाहेब. तिला कळायला नको, माझ्याबरोबर कोण राहतंय ते? बघून हसंल तरी."

मी ते कागद ऑफिसच्या पाकिटात घालायचो, वर त्या गावाचा पत्ता इंग्रजीत टाइपासारख्या अक्षरात लिहायचो आणि ऑफिसच्या टपालात टाकायचो. महिन्याला एक, कधी दोन.

यंत्रं जर्मनीहून आली होती. ती बसवून द्यायला तिकडचा एक इंजिनियर दोन वर्षं येऊन राहिला होता. उंच, पिंगट केसांचा, आपल्यासारखंच तोडकंमोडकं इंग्रजी बोलणारा. त्याच्या कंपनीचं कॅलेंडर आमच्या भिंतीवर होतं. त्यातल्या एका पानावर मोठं रंगीत चित्र होतं. सळयांचाच कारखाना, पण शंभर वर्षांपूर्वीचा. मधे लालभडक लोखंडाचा तुकडा चिमट्यांत धरलेली माणसं. डावीकडे काही जण अंग धुताहेत. उजवीकडे खाली एका पत्र्याच्या आडोशाला दोघं-चौघं भांड्यातून खाताहेत, आणि त्यांचं जेवण घेऊन आलेली एक बाई टोपलीवर वाकून चित्राबाहेर बघते आहे. महिना उलटला तरी जर्मन साहेबाने ते पान उलटू दिलं नाही.

एका दुपारी तो ड्रॉइंग न्यायला माझ्या टेबलाशी आला. मिस्त्रीचे चार कागद टी-स्क्वेअरखाली होते, पाकिटात घालायचे राहिलेले. त्याने एक उचलला, मग दुसरा. मग तो कॅलेंडरपाशी गेला आणि कागद त्या चित्राशेजारी धरून उभा राहिला.

"हे कुणी काढलं?"

मी मान खाली घातली.

आपल्याकडे कौतुक झालं की माणूस मान खाली घालतो, लहानपणापासून तसंच शिकवतात. पण ते कौतुक माझं नव्हतं. दोन शब्द बोलायचे होते, "माझा रूममेट." ते बोलायला एक क्षण लागला असता. तो क्षण गेला. साहेबाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या सामानातलं एक जाड पुस्तक आणून मला दिलं. त्या चित्रकाराचं. भाषा जर्मन, पण चित्रं भरपूर. मग रोज चहाच्या वेळी तो त्यातलं मला सांगू लागला.

भाषणात मी जे सांगितलं ते सगळं त्याचंच. त्या चित्रकाराच्या वडिलांचा शिळाछापखाना होता. मुलगा सोळा वर्षांचा असताना वडील गेले, आणि आई, भावंडं, छापखाना सगळं त्याच्यावर येऊन पडलं. पत्रिका आणि लेबलं छापत छापत तो चित्रकला शिकला. उंची जेमतेम साडेचार फूट, त्यामुळे सैन्यानेही त्याला नको म्हटलं. रेखाटन डाव्या हाताने करायचा, रंगकाम उजव्याने. त्याच्या ओव्हरकोटाला खूप खिसे होते आणि प्रत्येकात वेगळ्या मापाची वही. मेजवानीला गेला तरी वही काढून समोर जे असेल ते काढत बसायचा. न आवरलेला पलंग, स्वतःचं पाऊल, कुणाची तरी पाठ. एका लढाईनंतर तो मेलेल्या सैनिकांजवळ बसला आणि त्यांची तोंडं, त्यांचे पाय त्याने होते तसे काढले. पोलादाच्या कारखान्यात तो कित्येक दिवस राहिला आणि शंभराहून जास्त रेखाटनं केली, तेव्हा कुठे ते कॅलेंडरवरचं चित्र झालं.

"आणि पेन्सिल कसली वापरायचा?" साहेब हसत म्हणाला. "सुताराची. तुझ्यासारखीच."

पुस्तकात एक लहान चित्र होतं, त्यावर मी फार वेळ थांबायचो. रिकामी खोली, बाल्कनीचं दार उघडं, पांढरा पडदा वाऱ्याने आत आलेला. दोन खुर्च्या, एकमेकींकडे पाठ केलेल्या. माणूस नाही. त्याने ते तरुणपणी काढलं आणि म्हातारा होईपर्यंत कुणाला दाखवलं नाही. पुढे तो मोठा झाला, सरदारकी मिळाली, अंत्ययात्रेला खुद्द सम्राट आला. पण लग्न केलं नाही, बहिणीच्या संसाराशेजारी राहिला, आणि मृत्युपत्रात लिहून ठेवलं की जगाशी जोडेल असं काही आपण आपल्या हातांनी तयार केलं नाही.

एके दिवशी साहेबाने नवं काम काढलं. आमच्या कारखान्यात निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी चित्रांची पुस्तिका करायची होती, यंत्राजवळ कसं उभं राहायचं, हात कुठे ठेवायचा, काय करायचं नाही.

"ज्याने ही चित्रं काढली त्यानेच हे करावं," तो म्हणाला. "तो माणूस भट्टीवर असता तरी मी त्याला वर ओढून आणला असता. बरं झालं, तू आधीच इथे बसला आहेस."

हे वाक्य मला चाळीस वर्षं शब्दन् शब्द आठवतं आहे. तेव्हाही सांगता आलं असतं. आणखी सोपं झालं असतं, कारण साहेबाने वाट उघडीच ठेवली होती. मिस्त्री भट्टीच्या भोकापासून उठून माझ्या शेजारच्या टेबलावर आला असता. मला भीती वाटली. त्याच्या शेजारी बसल्यावर माझ्या हाताची किंमत सगळ्यांना कळली असती.

मग मी मिस्त्रीकडे जास्त चित्रं मागू लागलो. "भट्टीची काढ, क्रेनची काढ, वहिनींना बघायला मिळेल." तो खूश होऊन काढायचा. मी ऑफिसात त्यांवर ट्रेसिंगचा कागद ठेवून शाईने गिरवायचो. पुस्तिका चांगली झाली. साहेबाने मूळ कागद हौसेने कॅलेंडरखाली भिंतीवर लावून टाकले. अकरा कागद. ते काढू कसे? काय सांगू? ते भिंतीवर राहिले, आणि त्या महिन्यांत गावाला पाकीट गेलं नाही.

भट्टीवरची माणसं ड्रॉइंग ऑफिसात येत नसत. त्यांच्या बुटांनी फरशी काळी व्हायची. पण एकदा भट्टीची वीट पडली म्हणून मिस्त्रीला माप दाखवायला पाठवलं. तो दारातच बूट काढून मोज्यांवर आत आला. माझ्याशी बोलता बोलता त्याची नजर भिंतीवर गेली.

तो जवळ जाऊन एकेक बघत राहिला.

"भाऊसाहेब, ही गेली न्हाईत व्हय?"

"गेली की." माझ्या तोंडून आपोआप आलं. "प्रिंट काढून पाठवल्या. साहेबाला आवडली म्हणून मूळ इथे ठेवली."

"साहेबाला आवडली?" तो लाजला. "मंग असू द्या. तिला पोचल्यात न्हवं?"

"पोचली असणार."

"शुक्रन, शुक्रन," तो थट्टेने अरबीत आभार मानत म्हणाला आणि बूट हातात घेऊन गेला.

त्याची रजा त्या सुमारास पुढे ढकलली गेली होती, भट्टीचं आतलं विटांचं अस्तर बदलायचं होतं म्हणून. त्या काळात दोन-दोन पाळ्या पडत, नवे कागद त्याने काढले नाहीत. पुढे सात महिन्यांनी तो गावी गेला. दोन महिन्यांनी परतला तेव्हा त्याने आपली वळकटी माझ्या खोलीत आणलीच नाही. मी त्याला शोधत गेलो, तर पलीकडच्या रांगेत एका मलबारी स्टोअरकीपरच्या खोलीत बसला होता. समोर पाकीट होतं आणि तो स्टोअरकीपर त्यावर पत्ता लिहीत होता.

"मिस्त्री, इकडे कसा?"

"ह्यांचं अक्षर लई लवकर पोचतं म्हणं," तो म्हणाला. वर बघितलं नाही.

एवढंच. पुढची पाच वर्षं आम्ही एकाच बसमधून येत जात होतो. तो मागे बसायचा, मी पुढे. जर्मन साहेब मायदेशी परतला. जाताना त्याने अकरा कागद स्वतः भिंतीवरून काढून, एकसारखे लावून, माझ्या हातात दिले. तेव्हा तरी गावाला पाठवायला हवे होते. पण इतक्या उशिरा पाकीट गेलं तर ती सरळ कबुलीच झाली असती, म्हणून मी ते पुस्तकात ठेवले.

मी कॅम्प सोडून दोह्यात, अल मुंतझा भागातल्या एका फ्लॅटमध्ये राहायला गेलो. दोन खोल्या, एक पलंग, दोन खुर्च्या. संध्याकाळी खालच्या दुकानातून खुबूस, तिकडची रोटी, आणायचं, डाळ करायची आणि पुस्तक उघडून बसायचं. खिडकी उघडी ठेवली की पडद्यावर वाळू बसायची. कुणी येत नव्हतं. मिस्त्रीच्या पेन्सिलीचा खरखर आवाज मला खोलीत ऐकू यायचा, आणि मी रेडिओ लावायचो.

अशा वेळी अल हिलालच्या कुटुंबांतून आमंत्रण आलं, काहीतरी सांगा म्हणून. इतक्या दिवसांनी माणसांत बसायला मिळणार होतं. मी पुस्तक नेलं, आणि शेवटी ते अकरा कागदही पसरले. "माझे थोडे प्रयत्न," असं म्हणालो. टाळ्या झाल्या. पोह्यांची ताटली आणून देता देता घरच्या वहिनींनी विचारलं होतं,

"अहो भाऊजी, पण सगळ्या चित्रांत चपला का हो? इथे भट्टीसमोरसुद्धा! आणि एवढे जोड कुणाचे?"

खरोखरच प्रत्येक चित्रात कुठेतरी कोपऱ्यात चपलांचे जोड नीट मांडलेले होते. कुठे तीन, कुठे एक, कुठे जास्त. मी म्हणालो, घरापासून दूर असलेल्या माणसांची ती खूण आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. वहिनी म्हणाल्या, "बाई, केवढा विचार!"

ऐंशीचं दशक संपता संपता मी परत आलो. लग्न राहून गेलं होतं. बहिणीच्या घराच्या वरच्या मजल्यावर राहतो. संपादकांचा दुसरा फोन आला त्या आठवड्यात मी कागद पिशवीत घातले, पुस्तक घेतलं आणि एसटीने निघालो. पत्ता शोधावा लागला नाही. मीच तर तो इतक्या वेळा लिहिला होता.

मिस्त्रीला जाऊन सहा वर्षं झाली होती. शेवटी दिसत नव्हतं, असं कळलं. डोळ्यांत मोतीबिंदू लवकर झाले. आयुष्यभर जाळात बघत होता का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणे. त्याची बायको ओसरीवर बसली होती. मी कोण ते सांगितलं. तिने मला नीट पाहिलं.

"तोंड उघडं टाकून झोपणारं?"

"हो. तोच."

ती हसली नाही. मी कागद तिच्यापुढे ठेवले आणि काय केलं ते सांगितलं. मधेच थांबवलं असतं तर बरं वाटलं असतं, पण तिने सगळं ऐकून घेतलं. मग ती कागद जमिनीवर मांडू लागली. मला वाटलं बघते आहे. ती बघत नव्हती, लावत होती. एक इकडे, एक तिकडे, भराभर. तीन जोड, दोन जोड, एक जोड, मग पुढचे.

"हे काय करताय?"

"जोड म्हंजे म्हैनं," ती म्हणाली. "यायला जितकं म्हैनं राहिलं तितकं जोड. आमचं ठरलेलं हुतं. म्या कागद आला की आधी चपला मोजायची, मंग बाकी."

तिचं बोट एका कागदावर थांबलं. भट्टीचं चित्र. खाली कोपऱ्यात चपलांची रांग. तिने बोटाने मोजलं. पुन्हा मोजलं.

"सात," ती म्हणाली. "सात काढल्यात की."

मी वाकून मोजले. सातच होते.

"मला शेवटचा कागद आला त्यावर तीन हुतं. पुढं काय आलंच न्हाई. तीन म्हैनं भरलं, मंग म्या रोज दुपारच्या गाडीला ष्टँडावर जायची. एकवीस दिवस. सासू म्हणायची, तिकडं दुसरी केली असंल. सात म्हैन्यांनी हे आलं. म्या तीन दिवस बोलली न्हाई. ह्यांनी सांगितलं, अगं रजा पुढं गेली, सात जोड काढून पाठवलं हुतं, भाऊसाहेबानं छापून पाठवल्यात. म्या म्हणलं, भाऊसाहेबाच्या मागं कशाला लपताय?" तिने कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. "परत कधी त्यावर बोललं न्हाईत. पण हे जाईस्तोवर मला वाटायचं, सात काढलंच नव्हतं."

घराच्या आतून रंधा मारल्याचा आवाज येत होता. पुतण्या अजून सुतारकाम करतो.

मी म्हणालो, मी हे सगळं छापणार आहे, मिस्त्रीच्या नावानिशी, चित्रं त्यांचीच होती हे सांगणार आहे.

"चित्रं कसली? पत्रं हायती माझी. घरच्या पत्रावर कुणी नाव घालतं का? त्यांनी घातलं न्हाई." कागद सारखे करत ती म्हणाली, "काय झालं ते लिहा. ते खरं बोललं हुतं, तेवढं लिहा. पण नाव न्हाई. आणि तुमचंबी न्हाई."

"माझं तरी..."

"तुमचं आलं की लोक म्हणतील, बघा केवढा मोठा माणूस, चूक कबूल केली. नको."

म्हणून नाव नाही. संपादकांनी लेखकाच्या फोटोची चौकट काढून टाकावी.

निघण्याआधी मी ते जाड पुस्तक पुढे केलं. हे खरं मिस्त्रीला मिळायचं होतं, असं म्हणालो. तिने कारखान्याचं चित्र उघडून बराच वेळ पाहिलं. लाल लोखंड, अंग धुणारी माणसं. मग तिने कोपऱ्यातल्या त्या टोपलीवाल्या बाईवर बोट ठेवलं.

"हिला आत सोडत हुते?"

"हो. त्या काळी घरून जेवण यायचं."

"बरं हुतं की तिचं," ती म्हणाली आणि पुस्तक मिटून मला परत दिलं. आम्हाला वाचता येत नाही, तुम्हीच ठेवा, म्हणाली.

चहा झाला. परतीची गाडी दुपारचीच होती. पिशवी उचलून मी पायऱ्या उतरलो आणि वळून बघितलं. तिने बाकीचे कागद गोळा करून ठेवले होते, एक मात्र मांडीवर होता. बोट खालच्या कोपऱ्यावर ठेवून ती पुन्हा पहिल्यापासून मोजत होती.